कोच लावायचा, पण कुणाला?

पत्र

ताई, मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातून लिहिते आहे. मुलगा १८ वर्षांचा. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून त्याला लातूरला ठेवला. बारावीबरोबर मेडिकलची 'नीट' परीक्षा दिली, मार्क कमी आले, मग रिपीटला बसवला. दर टेस्टचे मार्क ह्यांच्या मोबाइलवर यायचे आणि त्याच रात्री ह्यांचा त्याला फोन व्हायचा. यंदा दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. रात्रभर जागा असतो, दिवसा झोपतो. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणतो. चार-चार दिवस अंघोळ नाही. धाकट्या बहिणीवर खेकसतो आणि मग स्वतःच रडत बसतो. मागच्या आठवड्यात सगळ्या नोट्स आणि मामाने दिलेलं घड्याळ चुलतभावाला देऊन टाकलं. मला म्हणाला, माझ्यापायी तुमचे पैसे पाण्यात गेले, मी नसतो तर बरं झालं असतं. त्याचे वडील शिक्षक आहेत, थोडी शेती आहे. त्यांचं म्हणणं, मोबाइलने वाया गेला, मन खंबीर नाही. त्यांनी एक माइंडसेट कोच शोधला आहे. ऑनलाइन २१ सेशन, ४५ हजार रुपये, औषधाविना आत्मविश्वास परत. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, देवाला नेऊन आणू. मानसोपचारवाल्याकडे नेलं तर गावभर होईल, गोळ्यांची सवय लागेल, पुढे मेडिकलला आडवं येईल, असं हे म्हणतात. मुलगी चौदा वर्षांची आहे, ती हल्ली गप्पच असते. कोचचे पैसे भरावेत का?

— एक आई

उत्तर

ताई,

४५ हजारांकडे नंतर येते. घड्याळ आणि नोट्स देऊन टाकल्याचं तुम्ही पत्राच्या मधोमध जाता जाता लिहिलंत, मला मात्र तिथून पुढे वाचवेना. जपलेल्या वस्तू वाटून टाकणं आणि 'मी नसतो तर बरं झालं असतं' म्हणणं, ही दोन्ही एकाच आठवड्यात आली की तो नुसता वैताग आहे असं धरून चालायचं नसतं. कदाचित त्याच्या मनात तसं काही नसेलही. पण ते आपल्या मनाने ठरवायचं नाही, त्याला विचारायचं. आजच.

आणि विचारायचं ते सरळ. 'काही वेडंवाकडं मनात आणत नाहीस ना रे?' असं विचारलं की पोरगं 'नाही' म्हणून सुटतं, कारण कुठलं उत्तर हवं आहे ते प्रश्नातच सांगितलेलं असतं. तो एकटा असताना, दार लोटून घेऊन, त्याच्या खाटेवर बसा आणि म्हणा, 'त्या दिवशी तू म्हणालास, मी नसतो तर बरं झालं असतं. तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' जीभ रेटणार नाही, कल्पना आहे. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती झाडून सगळ्या आईबापांना असते. यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि विचारल्यामुळे धोका वाढतो असं आढळलेलं नाही. बऱ्याच मुलांना तर त्या प्रश्नाने पहिल्यांदा बोलायला वाट मिळते.

तो 'हो' म्हणाला तर? रडू येईल, येऊ द्या. पण 'आमचा तरी विचार केलास का', 'माझ्या गळ्याची शपथ घे' ही वाक्यं गिळा. आधीच त्याला वाटतंय की तो तुमच्यावर ओझं आहे. शपथेने त्या ओझ्यात भर पडते आणि पुढच्या वेळी तो सांगत नाही. त्याऐवजी विचारा: कधीपासून वाटतं? कधी जास्त वाटतं? काही ठरवलं आहेस का? काय करायचं, कधी करायचं असं काही त्याने मनाशी योजलेलं असेल, तर त्याला एक क्षण एकटं सोडू नका आणि सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. १०८ ची रुग्णवाहिका यासाठीही येते. काय बोलावं सुचलं नाही तर १४४१६ लावा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. तो फोन मुलानेच करावा असं नाही, आईही करू शकते. खरं सांगायचं तर आजचा पहिला फोन तुम्हीच करा.

दुसरं काम सरांचं, म्हणजे मुलाच्या वडिलांचं. घरी शेती आहे म्हणता, म्हणजे फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली आणि तणनाशकाचा डबा जिन्याखाली नाहीतर गोठ्याच्या वळचणीला असणार. आज संध्याकाळपर्यंत ते घरातून हलवा. कुलूप लावून किल्ली तुळईवर ठेवायची, असलं काही नको. दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याच्या घरी. तुरीवर फवारणी असेल तर लागेल तेवढंच त्या दिवशी आणा. सासूबाईंच्या बीपीच्या, साखरेच्या, झोपेच्या गोळ्यांची पट्टीही तुमच्याजवळ राहू द्या, रोजची गोळी रोज हातावर द्या. हे मी अतिकाळजीपोटी सांगत नाही. जीव द्यावासा वाटण्याची तीव्र वेळ अनेकदा थोडाच काळ टिकते आणि त्या वेळात हाताशी काय सापडतं यावर फार काही ठरतं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. तिथली माणसं तेवढ्या काळात ७० टक्के सुखी झाली असं नाही. विष लांब गेलं.

पोलीस केसची धास्ती असेल तर तीही सोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा करण्याऐवजी त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरतं. आता लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम घेतलेलंच नाही.

आता आजाराचं. पत्र वाचून निदान करणारी बाई शहाणी नव्हे, तेव्हा मी नाव सांगणार नाही. पण झोप उलटी, भूक गेलेली, अंघोळीचा कंटाळा, चिडणं, रडणं, स्वतःला नालायक समजणं, आणि हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त. हे कुठल्याही डॉक्टरने गंभीरपणे घ्यावं असं आहे. या वयातलं नैराश्य बऱ्याचदा उदास चेहऱ्याने येत नाही, ते चिडचिडीच्या रूपात येतं, म्हणून घरच्यांना तो माज वाटतो. मोबाइलचं म्हणाल, तर रात्रभर जागा राहणारा मुलगा रात्रभर काय करणार? मोबाइलच बघणार. मोबाइलमुळे झोप बिघडते हे खरंच, पण झोप आधी गेली की मोबाइल आधी आला, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

कुठे जायचं? तुम्हाला अंबाजोगाई जवळ आहे. तिथलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं आहे, मोठं आहे, मानसोपचाराची ओपीडी तिथे मिळेल. बीडचं जिल्हा रुग्णालयही आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली प्रत्येक जिल्ह्यात ही सेवा असायला हवी, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. खाजगीत ओळखीचं कुणी असेल तर तिकडे जा, पण तो मानसोपचारतज्ज्ञ हवा. म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर.

'रक्त तपासायला चल' म्हणून फसवून नेऊ नका. अठरा वर्षांचा आहे, दारावरची पाटी वाचता येते त्याला, आणि एकदा फसवलं की दुसऱ्यांदा येणार नाही. त्याला जो त्रास जाणवतोय त्याचं नाव घ्या: 'तुला झोप लागत नाही, अन्न जात नाही, आतून बरं वाटत नाही. याचेही डॉक्टर असतात. मी बरोबर येते.' तो नाहीच म्हणाला तर तुम्ही दोघं आधी जाऊन या. आईवडिलांनी येऊन विचारणं यात डॉक्टरांना नवीन काही नाही. बहुतेक वेळा 'आम्ही जाऊन आलो, तिथे असं-असं विचारतात' हे ऐकल्यावर मूल तयार होतं.

तिथे काय होतं ते आधी ठाऊक असलेलं बरं, कारण निम्मी भीती न पाहिलेल्या खोलीची असते. केसपेपरच्या खिडकीवर कुठला विभाग ते सांगावं लागतं आणि मागच्या रांगेत हमखास कुणी ओळखीचं निघतं. तेवढ्यापुरतं सरांनी रांगेत उभं राहावं, मुलाला बाहेर बाकावर बसू द्यावं. आत गेल्यावर डॉक्टर आधी साधंच विचारतील: कधीपासून, झोप किती, जेवण किती, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. मग तुम्हाला बाहेर बसायला सांगतील. बसा. 'माझ्यासमोर विचारा, तो माझ्यापासून काही लपवत नाही' हे प्रत्येक आई म्हणते. आत त्याला जगणं नकोसं वाटतं का, कानात कुणी बोलल्यासारखं होतं का, तंबाखू-दारू-गांजा काही आहे का, लातूरला खोलीवर कुणी छळलं का, हे विचारलं जाईल, आणि यातलं निम्मं तो तुमच्यासमोर सांगणार नाही. तो सज्ञान आहे, त्याने सांगितलेलं गुप्त ठेवणं ही डॉक्टरवर कायद्याने आलेली जबाबदारी आहे. जिवाला धोका दिसला तर मात्र ते तुम्हाला सांगतील. हीच गुप्तता 'गावभर होईल' आणि 'मेडिकलला आडवं येईल' या दोन्ही शंकांचं उत्तर आहे. दवाखान्याचा कागद दवाखान्यात आणि तुमच्या कपाटात राहतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ अशा तपासण्याही बहुधा सांगतील. करून घ्या, कधीकधी थकव्याचा मोठा भाग तिथेच सापडतो.

गोळ्या लागतीलच असं नाही. सौम्य त्रासात नुसत्या बोलण्याच्या उपचाराने भागतं. पण दिल्या तर दोन-तीन गोष्टी कळून असू द्या, कारण इथेच घरं फसतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात; मळमळ, डोकेदुखी असला त्रास पहिल्या आठवड्यातच होतो. म्हणजे त्रास आधी, गुण मागाहून. पाचव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून पट्टी फेकणारे पुष्कळ. या गोळ्या दारू-तंबाखूसारखी चटक लावत नाहीत, मात्र मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी होते, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवतात. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवाव्या लागतात. आणि पंचविशीच्या आतल्या मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढतात का, याकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं. तसं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांनी अंगारा लावला, देवाला नवस बोलला, त्याने कुणाचं बिघडत नाही, नातवावरची मायाच आहे ती. पण उपाशी ठेवणं, झोडपणं, धुरी देणं, कुणा बाबाच्या मठात ठेवून येणं यातलं काहीही होऊ द्यायचं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं-बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि अंगारा गोळीच्या जागी नाही.

आता तुमचा प्रश्न. भरू नका.

कोच मंडळींशी माझं वैर नाही. ज्याची तब्येत बरी आहे, पण अभ्यासाची घडी बसत नाही, कुठे जायचं ठरत नाही, वेळ हातातून जातो, अशा मुलाला चांगला कोच उपयोगी पडतो. ठरवायला मदत करतो, ठरवलेलं विचारतो, मागे लागतो. पण ते सगळं करायला मुळात अंगात जे लागतं तेच तुमच्या मुलाच्या अंगातून सध्या गेलेलं आहे. विहीर कोरडी पडल्यावर पाच एचपीची मोटार काढून साडेसातची बसवावी, तसलं हे काम होईल. वर वाईट असं की एकविसाव्या सेशननंतरही आत्मविश्वास आला नाही तर मुलगा काय म्हणेल? 'कोचनेही हात टेकले, आणखी ४५ हजार माझ्यापायी गेले.' त्याच्या मनातल्या हिशेबाच्या वहीत ती रक्कम त्याच्याच नावावर लिहिली जाईल. मला पैशापेक्षा याची भीती जास्त आहे.

'माइंडसेट कोच' म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठलीही सरकारी नोंदणी लागत नाही. डॉक्टरला वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेचा. कोचकडे वीकेंडला मिळालेलं प्रमाणपत्र असू शकतं किंवा वर्षानुवर्षांचा अनुभवही असू शकतो. जाहिरातीवरून कळायला मार्ग नाही. म्हणून सरांना सांगा, त्या माणसाला फोन करून एवढंच विचारा: 'माझ्या मुलाने वस्तू वाटून टाकल्या आहेत आणि मरणाची भाषा करतो आहे, तुम्ही काय कराल?' जो म्हणेल 'आधी डॉक्टरांना दाखवा, मग माझ्याकडे या', त्याचा नंबर जपून ठेवा, पुढे कामी येईल. जो म्हणेल 'काळजी करू नका, असे कितीतरी बरे केलेत, औषधाच्या नादी लागू नका', त्याचा नंबर काढून टाका. 'आजच्या आज भरले तर दहा हजार कमी' असं म्हणत असेल तर ती सवलत आजच्या आज संपू द्या.

डॉक्टर नसलेल्या माणसाने मदत करूच नये, असं मात्र माझं म्हणणं नाही. गोव्यात 'संगाथ' नावाची संस्था १९९६ पासून काम करते. त्यांनी मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून समुपदेशक केलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या मोठ्या माणसांना सहा ते आठ भेटींचा एक साधा उपचार दिला. माणसाने पुन्हा छोट्या-छोट्या कामांत, लोकांत पाय टाकावा, एवढाच त्याचा गाभा. ज्यांना तो मिळाला ते नेहमीच्या उपचारावर राहिलेल्यांपेक्षा जास्त सावरले. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. तेव्हा मुद्दा पदवीचा कमी आहे. त्या समुपदेशकांना ठरलेलं प्रशिक्षण होतं, त्यांच्या कामावर जाणत्यांची नजर होती, आणि रुग्ण हाताबाहेर जातोय असं वाटलं तर पुढे पाठवायची सोय होती. ऑनलाइन कोचच्या मागे यातलं काय आहे, ते विचारायचं.

पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं ते सांगते, राग मानू नका. तुमच्या घरात उपचार मुलाला हवा आणि कोच हवा तो तुम्हा नवरा-बायकोला. त्यातही सरांना आधी.

हसण्यावारी नेऊ नका. मुलांच्या मानसोपचारात आईवडिलांना शिकवणं हा उपचाराचाच भाग असतो. ज्या घरात आजारी माणसाला सतत टोमणे, दोषारोप, तुलना ऐकावी लागते तिथे आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे मानसोपचारात फार पूर्वी लक्षात आलेलं आहे. म्हणून डॉक्टरांना किंवा तिथल्या सायकॉलॉजिस्टला स्पष्ट सांगा की आम्हा दोघांनाही वेळ द्या, आम्ही काय बोलायचं आणि काय नाही ते शिकवा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ'मध्ये पालकांसाठी असं काम वर्षानुवर्षं चाललं आहे, आणि त्यांचे मराठीतले व्हिडिओ केजमध्ये बसून फुकट बघता येतात. सर रात्री जेवण झाल्यावर बातम्या बघत असतील, त्यातला अर्धा तास काढता येईल.

तोवर मला सुचतं ते असं. सर शिक्षक आहेत. त्यांच्या वर्गात एखादा मुलगा महिनाभर डोकं खाली घालून बसला तर ते काय करतात? सगळ्यांसमोर त्याचे मार्क वाचतात का? बहुतेक मधल्या सुट्टीत जवळ बोलावून 'काय झालं रे, घरी सगळं ठीक ना' विचारत असतील. तेच घरी करायचं, एवढं अवघड का होतं? कारण वर्गातल्या मुलाचे क्लासचे पैसे त्यांनी भरलेले नसतात. लातूरच्या खोलीत दर टेस्टनंतर रात्री वाजणारा तो फोन माझ्या डोळ्यांसमोर येतो. पलीकडे बाप काळजीने विचारतोय, 'फिजिक्समध्ये कुठे गेले?' आणि अलीकडे मुलाला ऐकू येतंय की मी म्हणजे ते मार्क. फोन करणाऱ्याचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. तरी महिनोन्महिने त्या दोघांत दुसरं काही बोलणंच झालं नसेल तर आता बोलणार काय?

म्हणून सरांनी आठ दिवस फक्त बिनमार्कांचं बोलायचं. खरं तर बोलायचंही नाही फार. संध्याकाळी ओट्यावर शेजारी बसायचं. 'शेतावर मोटार चालू करायला जातोय, येतोस?' एवढंच. 'नाही' म्हणाला तर 'बरं' म्हणून जायचं, दुसऱ्या दिवशी परत विचारायचं, त्याच आवाजात. आला तर गाडीवर मागे बसवून न्यायचं, मोटार चालू करायची, पाणी दांडाला लागेपर्यंत थांबायचं आणि परत यायचं. वाटेत उपदेश नाही, 'आम्ही तुझ्या वयाचे असताना' नाही, आणि घरी आल्यावर 'बघ, किती बरं वाटलं की नाही?' हेही नाही. मुलगा वाटेत एखादं वाक्य बोलेल. ते वाक्य कितीही चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करायचं नाही. शिक्षकाला हे जड जाणार, हे मी समजू शकते.

एक वाक्य मात्र सरांनी स्वतःच्या तोंडाने, मुलाकडे बघून म्हणायला हवं: 'पैशाचं तू मनात घेऊ नकोस. ते आम्ही ठरवून भरले होते.' तुमच्यामार्फत निरोप नको. हे म्हणायला त्यांना वेळ लागला तरी चालेल, पण म्हणून झाल्यावर पुढच्या महिन्यात बँकेच्या हप्त्यावरून घरात मोठ्याने हिशेब नको, नाहीतर म्हटलेलं सगळं वाया.

तुमच्याकडचं थोडं. जेवायला दहा वेळा हाक मारू नका. एकदा मारा, ताट झाकून ठेवा, शिळं झालं तरी बोलू नका. झोपेचं चक्र एका रात्रीत सुलटं होत नाही, उठायची वेळ थोडी-थोडी अलीकडे आणायची, आणि उठल्यावर चहा अंगणात, उन्हात. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, तेव्हा 'दिवसभर लोळतो' म्हणण्याआधी तास मोजा. घरातलं एखादं छोटं काम त्याचं म्हणून ठेवा, आजीला दवाखान्यात नेणं असेल किंवा दूध घालून येणं. काम झालं तर झालं म्हणायचं, टाळ्या नको. नातेवाईक विचारतील 'कधी जाणार लातूरला?' त्यांना उत्तर तुम्ही द्यायचं, तो तिथे असताना, ठामपणे: 'तब्येत बरी नाही, सुट्टीवर आहे.' मुलाने ते ऐकलेलं चांगलं.

क्लासचं काय, हा विषय सरांच्या डोक्यात घोळत असणार, म्हणून व्यवहाराचं सांगते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी, वसतिगृह आणि मेसच्या पैशांसह, दहा दिवसांत परत करावी असं त्यात आहे. सूचना म्हणजे कायदा नव्हे, क्लासवाले सहजासहजी देतील असंही नाही, पण लेखी अर्ज द्या, सोबत दवाखान्याचा कागद जोडायची गरज नाही, 'प्रकृतीच्या कारणास्तव' पुरे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर जे निर्देश दिले ते कोचिंग केंद्रांनाही लागू आहेत: शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, मार्कांवरून तुकड्या पाडणं शक्यतो टाळावं, मुलांना चारचौघांत अपमानित करू नये. पुढे कधी तो परत गेलाच, लातूरला किंवा आणखी कुठे, तर फी भरण्याआधी विचारा की तुमचा समुपदेशक कोण आणि तो कुठल्या वेळेला भेटतो. उत्तर देताना काउंटरवरचा माणूस अडखळला तर समजून घ्या.

आणि नीट कुठे जात नाही. ती दर वर्षी असते, किती वेळा द्यावी याला बंधन नाही, वयाची वरची अटही २०२२ साली काढून टाकली आहे. यंदा द्यायची की नाही, मुळात डॉक्टरच व्हायचं आहे की दुसरं काही, हे आत्ता ठरवू नका, त्यालाही ठरवायला लावू नका. झोप-जेवण मार्गावर आल्यावर दोन-तीन महिन्यांनी तो विषय आपोआप निघेल. एखादा चांगला करिअर समुपदेशक किंवा तो 'आधी डॉक्टरांना दाखवा' म्हणणारा कोच तेव्हा शोधू.

राहिली मुलगी. तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. घरात एकाचं दुखणं मोठं झालं की दुसरं मूल आपोआप शहाणं, गप्प, बिनतक्रारीचं होतं आणि सगळ्यांना ते सोयीचं वाटतं. तिला नीट सांगा: दादा आजारी आहे, तुझ्यामुळे नाही, त्याच्यावर उपचार चालू आहेत, तो खेकसला तर ते तू सहन करायचं नाहीस, मला येऊन सांगायचं. त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम तिला देऊ नका, ती चौदा वर्षांची आहे. तिला बाहेरच्या कुणाशी बोलावंसं वाटलं तर राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' असतात. तुमच्या भागात ते कुठे आणि कुठल्या वारी चालतं हे आशाताईंना ठाऊक असेल.

अंबाजोगाईला जाताना जुने रिपोर्ट, चालू असलेल्या कुठल्याही गोळ्यांच्या पट्ट्या आणि एका कागदावर तारखांसह लिहिलेलं सोबत घ्या: झोप कधीपासून गेली, जेवण कधीपासून कमी झालं, घड्याळ कुठल्या दिवशी दिलं. ओपीडीत घाई असते, आयत्या वेळी आठवत नाही. आणि त्याच भेटीत डॉक्टरांना तुमच्या स्वतःच्या झोपेचंही सांगा. रात्रभर तो जागा असतो हे तुम्हाला कळतं, त्याअर्थी तुम्हीही जाग्याच असता.